सड्याखालचं पाणी

निमकर सरांनी बाटली खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. बाटलीच्या तळाशी, स्पिरिटमध्ये, तांदळाच्या कणीएवढे पांढरे जीव पडले होते.

"कोळंबी?" त्यांनी विचारलं.

"कोळंबीच्या लांबच्या नात्यातली म्हणा. पण सर, डोळे बघा."

"डोळे दिसत नाहीत."

"नाहीतच."

सरांनी बाटली टेबलावर ठेवली. सांगलीतल्या त्यांच्या घरात टेबलावर, जिन्यावर, देवघराच्या कट्ट्यावरसुद्धा दगड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कुठला दगड कुठल्या डोंगरावरचा हे ते न बघता सांगत. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. मी प्राणिशास्त्राची, गडहिंग्लजच्या एका कॉलेजात नुकती चिकटलेली. त्यांना त्याआधी एकदाच भेटले होते, तेही एका परिसंवादात लांबून.

"कुठं मिळाले हे?"

"वाघजाईच्या सड्याखाली. झोरेवाड्याच्या उपळ्यात. मे महिन्यात झऱ्याच्या तोंडाला मलमलचं कापड बांधून ठेवलं होतं, त्यात आले."

सडा म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. वाघजाईचा सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं मैलोगणती पसरलेलं जांभ्या दगडाचं सपाट पठार. तरुणपणी त्यांनी तो सगळा पायांखाली घालून त्याचा भूगर्भीय नकाशा केला होता. आणि आता त्या सड्याच्या पोटातून बोगदा जाणार होता. घाटरस्ता दर पावसाळ्यात बंद पडायचा, माणसं अडकायची, म्हणून बोगदा. बोगद्यानं वरच्या पाण्याला धक्का लागणार नाही, असा अहवाल निमकर सरांचाच होता.

"तू मला हे दाखवायला आलीस की मला चूक ठरवायला?"

"दोन्ही," मी म्हणाले.

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बोल."

"झोरेवाड्याचा झरा त्याच्या लगेच वरच्या उतारावर मुरलेल्या पाण्यावर चालतो, असं तुम्ही लिहिलंय. पण उतारावरचं ते पाणी उन्हाळ्यात आटत जातं. ह्या प्राण्यांचे डोळे गेलेत, रंग गेलाय. कित्येक हजार पिढ्या अंधारात गेल्याशिवाय असं होत नाही. म्हणजे त्यांना कधीच न आटणारं, पार आतलं पाणी हवं. एवढं पाणी फक्त सड्याखाली असू शकतं."

"एखादा प्राणी आंधळा निघाला म्हणून डोंगर बदलत नाही," सर म्हणाले. "जांभ्याच्या खाली लाल चिकणमातीचा थर आहे. पाणी त्यातून खाली उतरत नाही, त्याच्यावरून घसरत जातं. आणि तो थर पूर्वेकडे कललेला आहे. मी मोजलाय. सड्यावर मुरलेलं पाणी पूर्वेला कासारओढ्यात निघणार. झोरेवाडा पश्चिमेला."

"मग बघू या ना."

"कसं?"

"सड्यावर एक ओहोळ बिळात गडप होतो. तिथं रंग टाकायचा. कुठं निघतो ते बघायचं."

सर उठले, आत गेले. मला वाटलं, झालं, आता चहा येईल आणि निरोप मिळेल. ते बाहेर आले ते सड्यावरचे जुने बूट हातात घेऊन. "ओहोळ वाहता असेपर्यंतच जमेल," ते म्हणाले. "दिवाळी झाली की निघू."

*

झोरेवाडा म्हणजे उताराला बिलगलेली धनगरांची पंधरा-वीस घरं. खाली रस्ता नाही, वर सडा. पाण्याला एकच जागा, तो उपळा. दगडाच्या कपारीतून मनगटाएवढी धार यायची, खाली कोरलेल्या डोणीत पडायची. माणसं तिथंच भरायची, ओसंडलेलं म्हशी प्यायच्या. डोणीच्या वर शेंदूर फासलेला बिनघडणीचा दगड, देवीचा तांदळा.

आम्ही गेलो तेव्हा बाप्ये माणसं अंगणात गोल करून बसली, पण बोलली ती ठकूबाई झोरे. साठीची, उंच, काळी, कमरेला कोयता. वाड्यात तिचा शब्द चालायचा. पाण्याचं नाव काढल्याबरोबर ती पुढं सरकून बसली.

"आमच्या पान्यात रंग घालनार? देवीचं पानी हाय त्ये."

"रंग वर सड्यावर घालणार, मावशी," मी म्हणाले. "त्यातला इथं आला तर येईल. विषारी नाही. डोळे तपासताना डॉक्टर हाच रंग डोळ्यांत घालतात."

"आनि आला तर काय, न्हाई आला तर काय?"

हे सरांनी सांगितलं. बोगदा कुठून जाणार, ते त्यांनी काटकीनं मातीत रेघ ओढून दाखवलं. ठकूबाई रेघ बघत राहिली.

"बोगदा झाला तर आमचं पानी जाईल का ऱ्हाईल?"

"माझ्या मते राहील," सर म्हणाले.

"आनि ह्या बाईच्या मतानं?"

"जाईल," मी म्हणाले.

"मग दोघं मिळून कशाला आलाय?"

सगळे हसले. सरही हसले. "तेच बघायला आलोय."

ठकूबाई हसली नाही. ती म्हणाली, "घाला रंग. पर हितं रंगाचं पानी आलं, तर पयलं तुमी प्यायचं. आमच्या म्होरं. मग आमी पिऊ, मग आमच्या म्हशी."

"पिईन," सर म्हणाले. "पण ते इथं येणार नाही."

*

सड्यावरच्या त्या बिळाला झोरेवाड्यात 'नरडं' म्हणत. नाव ऐकून मला हसू आलं होतं, पण जागेवर उभं राहिल्यावर हसू गेलं. गवत अजून पिवळं पडायचं होतं, मध्येमध्ये जांभळी फुलं होती, आणि त्यातून खळखळत आलेला तो ओहोळ एका काळ्या फटीत सरळ गिळला जात होता. फटीतून गार हवा वर येत होती. सर पालथे पडले आणि कान लावून ऐकू लागले.

"काय ऐकू येतंय?"

"पाणी पडतंय. बरंच खाली." ते उठले. गुडघे झाडले नाहीत. "हे बीळ मी नकाशात दाखवलंय. ठिपका म्हणून. पण असं कान लावून ऐकलं नव्हतं कधी."

रंगाची पूड विटकरी होती. मी ती बादलीत कालवली आणि ओहोळात ओतली. पाण्याला लागताक्षणी ती पोपटी झाली, इतकी झगझगीत की मुबारक, सरांचा ड्रायव्हर, दोन पावलं मागं सरला. ती हिरवी जीभ वळसे घेत नरड्यापाशी गेली आणि आत शिरली. थोड्या वेळानं ओहोळ पुन्हा पहिल्यासारखा वाहायला लागला, जणू काही झालंच नव्हतं.

आम्ही वाटून घेतलं. सर आणि मुबारक पूर्वेला कासारओढ्यावर तंबू ठोकून राहणार. मी झोरेवाड्यात. मोबाइल तेव्हा आमच्यापर्यंत पोचले नव्हते. सड्यावरून एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चालत जायचं, एवढाच संपर्क. पाणी बहुधा दुसऱ्या दिवशीच कुठंतरी निघेल, यावर आमच्या दोघांचं एकमत होतं. एकमत एवढ्याच गोष्टीवर होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी निघालं नाही.

मी पांढरी परात घेऊन उपळ्यापाशी बसायची. तासातासाला परातीत पाणी धरायचं, उन्हात न्यायचं, निरखायचं. पांढऱ्यावर रंग चटकन दिसतो. परात पांढरीच राहायची. बायका हंडे भरायला यायच्या, आधी परातीत डोकवायच्या, मग माझ्या तोंडाकडे बघायच्या. तिसऱ्या दिवशी ठकूबाई म्हणाली, "पोरी, तुझं हिरवं पानी वाट चुकलं जनू."

"तिकडं ओढ्यात निघालं असेल," मी म्हणाले.

"तसं झालं तर बरंच की. मग आमचं पानी आमचंच ऱ्हायलं." तिनं हंडा डोक्यावर घेतला. "तू का तोंड पाडून बसलीस?"

ओढ्यात हिरवं निघालं तर सर बरोबर, आणि झोरेवाडा सुरक्षित. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला त्या बाटलीतले पांढरे जीव आठवत होते. ते खोटं बोलत नव्हते. मग त्यांचं पाणी कुठलं? ते कळल्याशिवाय मला कशाचाच आनंद होत नव्हता.

दिवस जात राहिले. सोमवारी तालुक्याच्या विश्रामगृहात बोगद्याची शेवटची बैठक होती. त्याआधीच्या शनिवारी सकाळी सर सडा उतरून एकटेच आले. दाढी वाढलेली, चेहरा उन्हानं रापलेला.

"ओढा स्वच्छ आहे," ते टेकत म्हणाले. "मुबारक तिकडं पहारा देतोय. इकडं?"

"काही नाही."

"पूड कमी पडली. विरून गेली असेल." त्यांनी डोळे चोळले. "आवरू या, शलाका. हा प्रयोग फसला. ना तुझं, ना माझं. सोमवारी तसंच सांगू."

तसंच सांगणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. नवा पुरावा नाही, म्हणजे जुना अहवाल कायम.

मी सामान बांधायला ठकूबाईच्या घरी गेले. तिनं चूल पेटवली, चहा ठेवला. मे महिन्यापासून मी त्या झऱ्याच्या मागं होते. कॉलेजातले लोक थट्टेनं मला 'आंधळी कोळंबी' म्हणायला लागले होते. ठकूबाईनं विचारलं, "म्हातारं च्या घेईल का दूध?" आणि तेवढ्यात खालून हाक आली.

सरांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. मी धावत गेले. ते डोणीपाशी उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तोंड ओलं. तोंड धुवायला बसले होते ते. दोन्ही हातांत परात होती आणि ती त्यांनी उन्हात धरली होती.

"हे मला एकट्यालाच दिसतंय," ते म्हणाले, "का तुलाही?"

परातीतलं पाणी अगदी फिकट होतं. कोवळ्या केळीच्या पानातून ऊन आल्यावर दिसतं तसं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. त्यांनी परात ओतून दिली असती तर त्या घडीला कुणाला काही कळलं नसतं.

"दिसतंय, सर."

"नीट बघ. तुला दिसावं असं वाटतंय म्हणून दिसत नाही ना?"

"नाही. हिरवं आहे."

तोवर धारेचा रंगच बदलला होता. कपारीतून येणारं पाणी डोळ्यांदेखत गडद होत गेलं आणि डोण पोपटी झाली. मागून ठकूबाई आली, तिच्या मागून बाकीच्या बायका. ठकूबाईनं एकदा तांदळ्याकडे पाहिलं, हात जोडले आणि सरांकडे वळली.

सरांनी ओंजळ धारेखाली धरली आणि ते प्यायले. पुन्हा धरली, पुन्हा प्यायले. मिशीवरून हिरवे थेंब ओघळले.

"कसं लागतंय?" ठकूबाईनं विचारलं.

"गोड आहे."

तिनं स्वतः ओंजळ भरली, थोडी थबकली आणि पिऊन टाकली. मग म्हणाली, "म्हशींना आज कोंडून ठेवा. त्यास्नी सांगून कळायचं न्हाई." आणि तेव्हा कुठं लोक बोलायला लागले.

सर खाली बसले. काटकी घेऊन मातीत त्यांनी त्यांचा थर काढला, पूर्वेला कललेला, आणि त्याला छेदत उभी एक रेघ खसकन मारली.

"भेग," ते म्हणाले. "डोंगर उभा चिरलाय. पाणी थरावरून घसरत गेलं असतं, पण मध्येच भेगेत पडतं आणि भेगेतून इकडं येतं. ही भेग वरून जांभ्यानं झाकली गेलीय, म्हणून दिसली नाही." काटकी रेघेवरून सरकत बोगद्याच्या जागेवर येऊन थांबली. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "आणि बोगदा तिला इथं कापतोय. कापली की सगळं पाणी बोगद्यात. उपळा संपला."

मी जिंकले होते. पण हे लिहिताना आठवून पाहिलं तर त्या क्षणी जिंकल्यासारखं काही वाटल्याचं आठवत नाही. मला त्यांच्या काटकीकडे बघवत नव्हतं.

*

विश्रामगृहातल्या बैठकीत लांब टेबल होतं, नकाशे होते, बिस्किटं होती. मुख्य अभियंता हेर्लेकर भला माणूस होता. घाटात अडकलेल्या गाडीत एका बाळंतिणीचं काय झालं होतं, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी या बोगद्याचा ध्यास घेतला होता. सरांना त्यांनी खुर्ची ओढून दिली. सर बसले नाहीत.

"माझा अहवाल चुकीचा आहे," ते म्हणाले. "तो मागं घ्यायला आलोय."

सरांनी भेग, रंग, झरा सगळं सांगितलं. हिरव्या पाण्याच्या बाटल्या टेबलावर मांडल्या. मग माझी पांढऱ्या जिवांची बाटली त्यांच्या शेजारी ठेवून म्हणाले, "मला हे आधी यांनी सांगितलं होतं. या प्राण्यांवरून. मी ऐकलं नाही."

हेर्लेकरांनी कपाळ दाबलं. "सर, तुमच्या त्या अहवालावर आम्ही सगळं उभं केलंय."

"म्हणून तर आलो."

"रंग आधी कुणी पाहिला?"

"मी."

"सोबत कोण होतं?"

"कुणी नाही. मी एकटाच होतो."

हेर्लेकर त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाले, "तुम्हाला तो दिसलाच नसता, तर?"

"पण दिसला ना," सर म्हणाले.

पुढचं इथंच सांगून टाकते. बोगदा रद्द झाला नाही, व्हायलाही नको होता. त्याची रेषा दक्षिणेला सरकवायला, नव्यानं छिद्रं पाडून दगड तपासायला खूप वर्षं गेली. तेवढे पावसाळे घाट बंद पडत राहिला आणि त्याचा दोष लोकांनी निमकर सरांना दिला. वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी वाईट छापून आलं. ज्या समित्यांवर ते होते, तिथून त्यांना बोलावणी येईनाशी झाली. हेर्लेकरांनी मात्र शेवटी नवी रेषा स्वतः आखली, आणि उपळ्याला धक्का लागला नाही. मी मागच्या फेब्रुवारीत जाऊन आले. धार तशीच आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या सोमवारच्या दुपारचं.

बैठक संपवून आम्ही सांगलीला निघालो. मुबारक गाडी चालवत होता, सर पुढं, मी मागं. सर खिडकीबाहेर बघत होते आणि अधूनमधून ओठ हलवत होते. आयुष्यभराचं काम भरल्या सभेत आपल्या हातानं मोडून आलेला माणूस. घाट उतरायला लागल्यावर न राहवून मी म्हणाले, "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो थर खरंच पूर्वेला कललाय. भेग कुणालाच दिसली नसती."

"हं?" ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर मी समजत होते तसं काहीच नव्हतं. बारीक केलेले डोळे, भुवया वर. खिडकीपाशी माझी बाटली धरली होती तेव्हा होता, तसा चेहरा. "शलाका, नरड्यातून पाणी कसं पडतं ते तू ऐकलंस ना? धावत जातं ते. उपळा तिथून काही लांब नाही. मग इतके दिवस ते होतं कुठं?"

"हळूहळू झिरपत आलं असेल."

"झिरपत आलं असतं तर रंग वाटेतच मातीनं खाल्ला असता. आला असता तरी उगाच चाहूल लागण्यापुरता. हा एकदम आला. बघता बघता डोण भरली." ते आता पूर्ण मागं वळून, सीटवर गुडघा टेकून बसले होते. "कुठंतरी साठत होतं ते. आत काहीतरी आहे. आधीच पाणी असलेलं. वरचं पाणी त्यात आलं, मिसळलं, आणि मग तिथून ओसंडलं."

"तळं?" मी म्हणाले. "डोंगराच्या आत?"

"मला काय विचारतेस? तुझे प्राणी कुठं राहतात?"

मुबारकनं गिअर बदलला. सर पुन्हा पुढं वळले, थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मुबारकच्या खांद्यावर हात ठेवला.

"गाडी वळव."

"सर, सांगली?"

"सांगली कुठं पळून जात नाही."

मुबारकनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुढच्या वळणावर रस्ता थोडा रुंद होता, तिथं त्यानं गाडी वळवली.